फुंकरीची सवय

फुंकर तोंडातून निघून गेल्यावरच त्याला कळलं, की आपण फुंकलो. गोंदणाच्या त्या दुकानात समोर खुर्चीत एक नर्स बसली होती. तिच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, गोंदायच्या किल्लीचा दांडा ओढून झाला होता. रेघ सरळ आली होती, तिच्यावर शाईचा एक जाडसर थेंब जमला होता, आणि त्याने मशीन उचललं त्याच क्षणी त्याची मान खाली गेली, ओठांचा चंबू झाला आणि वारा सुटला. थेंब थरथरला, बाजूला पळाला. नर्सच्या हातावरची बारीक सोनेरी लव एकदम आडवी झाली आणि परत उभी राहिली. ती लव हललेली त्याने पाहिली. पितळेला लव नसते.

मास्क हनुवटीखाली होता. चष्म्यावर वाफ धरत होती म्हणून दांडा ओढण्याआधी त्यानेच तो खाली ओढला होता, एवढी रेघ झाली की वर घेऊ, असं मनाशी म्हणून. नर्सने हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काका, तुम्ही फुंकलंत?" ती रागावलेली नव्हती, आणि तेच वाईट होतं. तापाचा आकडा वाचून दाखवावा तसं ती बोलली होती. त्याने मान वर केली तर भिंतीवरच्या मोठ्या आरशात मालकीण दिसली. ती दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी बसून कागदावर चित्र काढत होती, पण आरशात तिचे डोळे सरळ त्याच्यावर होते. पेन्सिल थांबलेली होती.

"काका, उठा," ती म्हणाली. ती आली, हात धुतले, नवे मोजे चढवले. त्याने मांडलेलं सगळं, शाईच्या टोपणासकट, डब्यात टाकलं. टेबलावरची प्लास्टिकची झिल्ली फाडून नवी लावली, मशीनला नवी सुई बसवली, नर्सचा हात औषधाने तीनतीनदा पुसला. तिने चुकूनही आवाज चढवला नाही. तो बाजूला उभा होता, हात मोज्यांतच, कोपर अंगाशी धरून, जणू त्याचे हातच वेगळे ठेवायची वस्तू आहेत. नर्स हसून म्हणाली, "आमच्या वॉर्डात मी असं केलं असतं ना, तर आमच्या मोठ्या बाईंनी मला खिडकीतून खाली टाकलं असतं. आणि आमचा वॉर्ड चौथ्या मजल्यावर आहे." मालकीण म्हणाली, "आमचं दुकान तळमजल्यावर आहे, तेवढंच काकांचं नशीब." दोघी हसल्या. तोही हसला, आणि आपलं हसू आपल्याच तोंडावर दुसऱ्या कुणीतरी चिकटवल्यासारखं त्याला वाटलं. नर्सच्या विकलेल्या घराची ती किल्ली मालकिणीने पुरी केली. दांडा त्याचा, दात तिचे.

नर्स गेल्यावर मालकिणीने मोजे काढले. ती त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण या दुकानात वय कुणी विचारत नव्हतं, हात विचारत होते. "पहिल्यांदा तुम्ही नकली कातडीवर फुंकलंत, मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा मास्क तोंडावर होता, तेव्हा बोलले. ही तिसरी, आणि तोंड उघडं." "चष्म्यावर वाफ..." तो म्हणाला. "वाफेचं मला सांगू नका." तिने बाहीचं टोक खांद्यावर सरकवलं. तिथे एक गुलाब होता, अर्धाच. उरलेला अर्धा भाग गुळगुळीत, चकचकीत, खोलगट, मेण वितळून परत गोठावं तसा. "माझ्या पहिल्या उस्तादाला खोकला होता. मास्क गळ्यात होता, तुमच्यासारखाच. मी दवाखान्यात किती दिवस काढले ते मोजायचं सोडून दिलं होतं." बाही खाली आली. "आज चार वाजता माझा पाय. तोवर मशीनला हात लावू नका."

"आजच?"

"आज. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नका, काका. मला आवडणार नाही, पण येऊ नका."

मालकिणीचा डावा पाय म्हणजे या दुकानाची परीक्षा होती. जो शिकून तयार झाला त्याने गुडघ्याखाली तिच्या पायावर एक काम करायचं. ते तिला पसंत पडलं की त्याला स्वतःची खुर्ची. दाढीवाल्याने, म्हणजे मधल्या खुर्चीवरच्या कारागिराने, तिथे एक मासा काढला होता. तो मासा चपलेसारखा दिसतो असं सगळे म्हणत, आणि दाढीवाला दर वेळी तेवढ्याच जोमाने भांडायचा, "अरे, पोहतोय तो! पाण्यात सगळे तसेच दिसतात!" पायाच्या मागच्या बाजूला, पोटरीच्या खाली, अजून हाताच्या पंजाएवढी कोरी जागा होती. गेले कित्येक महिने तो जाता-येता त्या जागेकडे पाहत होता. आज ती जागा त्याच्याकडे पाहत होती.

तो मागच्या खोलीत जाऊन बसला. तिथे नळ होता, उकळून निर्जंतुक करायचं यंत्र होतं, कागदी टॉवेलांची थप्पी होती. नळ ठिबकत होता. या दुकानात भिंतीवर तयार चित्रं नव्हती, वाघ नाही, फुलपाखरू नाही. येणाऱ्याने बसायचं, बोलायचं. मालकीण ऐकायची आणि त्याच्यापुरतं एकच चित्र काढायची, जे पुन्हा कुणासाठी निघणार नाही. त्याला पहिल्या दिवशी हेच आवडलं होतं. पाट्यांचं कामही तसंच होतं. एकाच्या दाराची पाटी दुसऱ्याच्या दाराला काय कामाची? त्याच्या वडिलांचं दुकान पाट्यांचं, पितळेच्या. दाराच्या पाट्या, वकिलांच्या पाट्या, शर्यतीच्या ढालीवरची नावं. शाळा सुटली तेव्हा तो इतका लहान होता की अक्षरं त्याला आधी हाताने कळली आणि डोळ्यांनी फार उशिरा. वडील खडूने आखून द्यायचे आणि तो कोरायचा, वळण आलं की वळायचं, दांडा आला की उतरायचं, काय लिहिलंय ते त्याच्या गावीही नसे. लग्नानंतर बायको एकदा दुकानात आली, त्याच्या हातातली पाटी तिने मोठ्याने वाचली आणि तो थक्क झाला, की आपण सकाळपासून एका माणसाला कोरत होतो. मग रोज संध्याकाळी ती त्याला पाट्या वाचायला शिकवायची. कागद नंतर आला.

आणि फुंकर. कोरणी चालली की पितळेचा कीस निघतो, बारीक, सोन्याच्या भुशासारखा. तो खाचेत साचला की पुढची रेघ आंधळी होते. बोटाने झाडला तर बोटाचं तेल लागतं, कपड्याने झाडला तर ओरखडा येतो. म्हणून फुंकायचं. वडिलांनी कोरणी हातात देण्याआधी फुंकायला शिकवलं होतं. ओठ जरा डावीकडे, जीभ मागे, वारा पातळ आणि लांब. थुंकीचा कण पडला तर पितळ डागाळतं आणि टपलीही पडते. "आधी फुंकर, मग रेघ," ते म्हणायचे, "फुंकल्याशिवाय पुढे गेलास तर माझ्याशी गाठ आहे." चाळीस वर्षं तो रेघ आणि फुंकर, रेघ आणि फुंकर करत आला. दोन्ही मिळून एकच काम होतं, जसं चालताना दोन पाय. मग प्रकाशाच्या किरणाने कोरणारं यंत्र बाजारात आलं. ते फुंकतही नव्हतं आणि चहाही मागत नव्हतं. दुकान बंद झालं. वर्षभर तो घरात बसून खिडकीच्या गजांवरचा गंज खरवडत होता. शेवटी बायकोनेच एका दुकानाच्या काचेवरची पाटी वाचून त्याला हाताला धरून आणलं होतं. "बारीक रेघ काढणारा माणूस हवा, असं लिहिलंय," ती म्हणाली होती. "कशावर ते विचारू नका. आत चला." कशावर ते आत गेल्यावर कळलं आणि ती आठवडाभर हसत होती. "या वयात परक्या बायकांचे हात धरायचे! आणि वर त्याच आपल्याला धन्यवाद म्हणणार!"

नळ ठिबकत होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं. ओठ कोरडे होते, स्वस्थ होते, कुणी म्हणालं नसतं की यांत काही दडलंय. हात कसा ताब्यात ठेवायचा ते त्याला माहीत होतं. हाताने दाबायची सवय होती, पितळ दाबल्याशिवाय ऐकत नाही. ती त्याने तीन महिन्यांत मोडली. कातडी दाबायची नाही, ताणायची. दाबली की शाई खाली उतरून पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली धरते. संत्र्यांवर, नकली कातडीवर, स्वतःच्या मांडीवर गिरवून गिरवून हाताला त्याने नवा माणूस केलं होतं. पण ओठांना कोण शिकवणार? ओठ त्याला विचारतच नव्हते. ते अजून वडिलांच्या दुकानात नोकरीला होते. आणि मग ज्याच्याकडे जायचं नाही असं तो सकाळपासून ठरवत होता तेच समोर आलं. वडिलांचे शेवटचे दिवस, लोखंडी पलंग, पांढरी चादर. माणसं ओळखणं थांबलं होतं, पाणी गिळणं थांबलं होतं, पण उजवा हात चादरीवर सरकत राहायचा, आडवा, उभा, वळण घेऊन थांबायचा, आणि मग ते मान जराशी उचलून चादरीवर फुंकर घालायचे. ओठ डावीकडे, वारा पातळ आणि लांब. कीस नव्हता. काहीच नव्हतं. त्याला ते बघवेना म्हणून एका दुपारी त्याने त्यांचा हात धरून ठेवला. हात थांबला. फुंकर थांबली नाही. हात त्याच्या मुठीत आणि ओठ आपले फुंकतायत, फुंकतायत, शेवटी फुंकर कुठली आणि श्वास कुठला ते कळेनासं झालं. आपणही असेच जाणार, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. प्रश्न एवढाच होता, की त्याआधी आज चार वाजता काय होणार.

दाढीवाला टॉवेल न्यायला आत आला. त्याने एकवार पाहिलं आणि खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. "मास्क लावा. आता नाकावर ही पट्टी, या गालापासून त्या गालापर्यंत. वाफ वर जात नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझा मासा तसा झाला."

"म्हणजे चप्पल आहे हे कबूल?"

"काका, तुमचं काय चाललंय आणि तुम्ही काय विचारताय!" तो दारात थांबला. "मास्क फुगला तरी तिला कळतं हां. पातळ असतो. मी एकदा जांभई दिली होती तर आठवडाभर मला फरशी पुसायला लावली."

चार वाजता मालकीण खुर्चीवर पालथी झोपली. पाय धुतलेला, केस काढलेले. तिने समोरचा आरसा असा फिरवून घेतला होता की मान न वळवता तिला त्याचं तोंड दिसावं. "मला काय काढायचं ते विचारा," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला विचारायचंच असतं. "काय काढायचं, मॅडम?" "पाटी," ती म्हणाली. "दाराची. पितळेची असते तशी. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. नाव नको. कोरी."

तिला काय हवंय ते त्याला पूर्ण कळलं. आरशात ती त्याच्याकडे शांतपणे बघत होती. तिने त्याच्या वडिलांचं दुकानच त्याच्यापुढे मांडलं होतं, आणि आता म्हणत होती, इथे बस, सगळं कर, फक्त ते करू नकोस. "फुंकर आलीच," ती म्हणाली, "तर मशीन उचला, मान फिरवा आणि भिंतीवर सोडा. माझ्यावर नाही. मास्क असला तरी नाही. मास्कच्या भरवशावर माझ्या खुर्चीत कुणी बसणार नाही."

त्याने कागदावर चित्र काढलं, त्याचा छाप पायावर उतरवला. जांभळ्या रेघांची कोरी पाटी पोटरीखाली उमटली. पेडलवर पाय ठेवला तसं मशीन गुणगुणायला लागलं, दातांच्या मुळांत जाऊन बसणारा तो आवाज. डाव्या हाताने त्याने कातडी ताणली. वरची कड. लांब सरळ रेघ. लांब सरळ रेघेइतकं क्रूर काही नसतं, तिच्यात लपायला जागा नसते. त्याने श्वास घेतला आणि नाकाने हळूहळू सोडत रेघ ओढली. संपली. मशीन उचललं. शाई जमली होती. आणि आली. ओठांच्या मागे, जिभेच्या बुडाशी, ओळखीच्या माणसाने दार वाजवावं तशी आली. त्याने टिश्यू घेतला, पुसलं. जबडा इतका घट्ट आवळला होता की कानात टक् झालं. उजवी कड. पुन्हा आली. खालची कड. पुन्हा. दर रेघेच्या टोकाला वडील उभे होते, आणि दर वेळी तो त्यांना म्हणत होता, बाबा, आता नाही, गिऱ्हाईक आहे, मागून या. ते रागावून बघायचे. तो पुसायचा आणि पुढे जायचा. माझ्याशी गाठ आहे, माझ्याशी गाठ आहे, मशीन त्याच सुरात गुणगुणत होतं. घाम कपाळावरून पट्टीपर्यंत येऊन थांबत होता. डावी कड उतरली तेव्हा वडील आले नाहीत. त्याने वाट पाहिली. ओठ स्वस्थ. टोकाला कुणी उभं नव्हतं. तो इतका दचकला की त्याला पेडलवरचा पाय काढावा लागला.

"काय झालं?" आरशातून मालकीण.

"काही नाही, मॅडम. स्क्रू काढतो."

पहिला स्क्रू, दुसरा, तिसरा. छोटी वर्तुळं, आत एकेक आडवी खाच. आता सोपं होतं. त्याला वाटलं सोपं होतं. चौथा स्क्रू टाचेच्या वरच्या शिरेजवळ होता. तिथली कातडी पातळ असते आणि खाली लगेच ताठ दोरी लागते. सुई लागली आणि मालकिणीच्या तोंडून निघालं, "स्स्." एवढंच. पण त्या आवाजाने त्याला बेसावध गाठलं. तो पितळेची वाट अडवून बसला होता, आणि ही दुसऱ्याच वाटेने आली. ही वडिलांनी शिकवलेली नव्हती, ही कुणीच शिकवलेली नव्हती. पडलेल्या पोराच्या गुडघ्यावर घालतात ती ही. इस्त्रीचा चटका बसलेलं बोट बायको न बघता त्याच्यापुढे करायची तेव्हा घातलेली ही, हजारदा. छाती भरली. ओठ पुढे आले. पायावर रक्ताचा एक टिपूस चमकत होता आणि त्याची मान खाली निघाली होती. खाली, अजून खाली. त्याने मशीन उचललं. मान फिरवली, इतक्या जोरात की मानेत चमक भरली, आणि भिंतीवर सोडली. मास्क फुग्यासारखा टम्म झाला आणि बसला.

मशीन हवेत गुणगुणत होतं. दाढीवाल्याने आपलं मशीन बंद केलेलं होतं. दुकानात दुसरा आवाज नव्हता.

"कुठे सोडली?" मालकिणीने विचारलं. तिने सगळं पाहिलं होतं. तरी विचारलं.

"भिंतीवर."

तिने आरशातून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोजे बदला. आणि पुढे."

त्याने मोजे बदलले. शेवटची खाच भरली. साबणाच्या पाण्याने पुसलं. ती उठली, लंगडत आरशापाशी गेली, पाय वळवून बघत राहिली. दाढीवाला हळूच येऊन डोकावला आणि म्हणाला, "सरळ आहे. मला नाही आवडलं." मालकीण खाली वाकून स्क्रूंकडे बघत होती. "खाचा सगळ्या एकाच दिशेला आहेत."

"आडव्या ठेवायच्या असतात," तो म्हणाला. "नाहीतर पाटी कुणी घाईत लावली ते दारात उभ्या माणसाला कळतं."

"खिडकीजवळची खुर्ची," ती म्हणाली. दाढीवाल्याने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. वाटेत मान दुखत होती आणि ते दुखणं त्याला आवडत होतं, पदकासारखं. बायको खिडकीशी इस्त्री करत होती. कपड्यांच्या दुकानाचे शर्ट, एकावर एक. "मिळाली," तो दारातूनच म्हणाला. तिने वर पाहिलं, तिचा चेहरा फुलला. "मिळाली? अगं बाई! खुर्ची? मग बसा ना आता, उभे काय!" आणि त्या नादात तिचा हात सुटला, इस्त्रीची कड बोटाला लागली. "आई गं." बोट झटकून तिने न बघताच त्याच्यापुढे केलं, नेहमीसारखं, दुसऱ्या हाताने इस्त्री उभी करत. बोटाच्या टोकावर लाल पट्टा उठत होता. तो पुढे झाला. बोट हातात घेतलं. छाती भरली, ओठ पुढे आले, सगळं अगदी जसं असतं तसं, आणि मान फिरली. त्याने फिरवली नाही. ती फिरली. दुखऱ्या शिरेसकट, खटकन, खिडकीकडे. लांब, पातळ फुंकर काचेवर गेली आणि काचेवर वाफेचा एक गोल उमटला.

त्याने पुन्हा बोटाकडे तोंड आणलं. पुन्हा छाती भरली. पुन्हा मान फिरली.

बायको हसायला लागली. बोट अजून त्याच्या हातातच होतं, तसंच पुढे केलेलं.

"अहो," ती म्हणाली, "तिकडे कुणाला भाजलंय?"